एव्हरीडे की एव्हरी डे? इंग्रजी शब्द कुठे जोडायचे, कुठे तोडायचे

अंक_संपादक

शाळेच्या वार्षिक अंकाची इंग्रजी पानं तपासायची आहेत, साधारण ४० पानं. काळ, वचन, आर्टिकल हे सगळं झालं. पण एक अडचण जवळजवळ प्रत्येक पानावर येते: दोन शब्द जोडून लिहायचे की सुटे? एकाच लेखात वर 'एव्हरीडे' जोडून आहे आणि चार ओळी खाली 'एव्हरी डे' सुटं. संगणक दोन्हीखाली लाल रेघ मारत नाही. मग बरोबर कुठलं?

सध्या यादीत एवढं आहे: एव्हरीडे, मेबी, ऑलरेडी, समटाइम, एनीवन, नोवन, इनटू, लॉगइन, सेटअप, टाइमटेबल, क्लासरूम. शिवाय मुलांच्या लेखात हटकून येणारे 'अ‍ॅटलीस्ट', 'इनफॅक्ट' आणि 'अलॉट'. सगळ्यांना लागू होईल असा एखादा नियम आहे, की प्रत्येक शब्द पाठच करायचा?

इंग्रजी शब्द देवनागरीतच लिहितोय. मध्ये जागा सोडली असेल तर सुटा, नसेल तर जोडून, असं समजा.

काना_मात्रा

एक नियम नाही, पण सगळं पाठ करायचीही गरज नाही. तुमच्या यादीत तीन-चार वेगळ्या जातींचे शब्द एकत्र आलेत, गोंधळ त्यामुळे होतोय. आधी एव्हरीडे, मेबी, ऑलरेडी, समटाइम, एनीवन यांचं बघू. ही एक जात आहे. इथे जोडलेलं आणि सुटं ही दोन्ही रूपं शुद्धच आहेत, फक्त अर्थ वेगळे आहेत. म्हणून तर लाल रेघ येत नाही.

या जातीसाठी मराठी हीच उत्तम कसोटी. वाक्य मनात मराठीत करून बघा. इंग्रजीत जिथे फक्त एका जागेचा फरक दिसतो, तिथे मराठीत सरळ दोन वेगळे शब्द येतात.

'रोज' म्हणायचं असेल तर 'एव्हरी डे' सुटं, 'रोजचा, नेहमीचा' म्हणायचं असेल तर 'एव्हरीडे' जोडून. 'वी प्रॅक्टिस एव्हरी डे' म्हणजे आम्ही रोज सराव करतो. 'एव्हरीडे क्लोद्ज' म्हणजे रोजचे कपडे. जोडलेलं रूप विशेषण आहे, त्याला पुढे नाम लागतं. वाक्याच्या शेवटी 'एव्हरीडे' जोडून दिसलं की बहुतेक वेळा ती चूकच असते. दुकानांच्या पाट्यांवर 'ओपन एव्हरीडे' सर्रास असतं, तिथे ते सुटंच हवं.

'कदाचित' म्हणजे 'मेबी', 'असेल, असू शकेल' म्हणजे 'मे बी'. 'मेबी ही इज लेट' आणि 'ही मे बी लेट'. दुसऱ्या वाक्यात 'मे बी' हेच क्रियापद आहे. ते जोडलं तर वाक्याला क्रियापदच उरत नाही.

'आधीच' म्हणजे 'ऑलरेडी', 'सगळे तयार' म्हणजे 'ऑल रेडी'. 'एकंदरीत, सर्वस्वी' म्हणजे 'ऑल्टुगेदर', 'सगळे मिळून' म्हणजे 'ऑल टुगेदर'. या दोन्ही जोडशब्दांत एल एकच असतो, सुटं लिहिताना दोन. जोडताना एक एल गळतो हे विसरल्यामुळे मुलं दोन एल ठेवून जोडतात.

'काही वेळ' म्हणजे 'सम टाइम', 'कधीतरी' म्हणजे 'समटाइम', 'कधीकधी' म्हणजे 'समटाइम्स'. 'असो, तरीही' म्हणजे 'एनीवे', 'कोणत्याही प्रकारे' म्हणजे 'एनी वे'.

'कोणीही' म्हणजे 'एनीवन' आणि 'कोणताही एक' म्हणजे 'एनी वन'. प्रश्नपत्रिकेतलं वाक्य आठवा: खालीलपैकी कोणताही एक प्रश्न सोडवा. तिथे 'आन्सर एनी वन ऑफ द फॉलोइंग' असं सुटंच येतं. 'एव्हरीवन' आणि 'एव्हरी वन' यांचं तसंच. पुढे 'ऑफ' आलं की तोडायचं: 'एव्हरी वन ऑफ द प्लेअर्स', एकूणएक खेळाडू.

'नो वन' मात्र कायम सुटा. 'नोबडी', 'नथिंग', 'नोव्हेअर' जोडून असले तरी हा नाही, कारण जोडला तर दोन ओ शेजारी येतात आणि डोळा 'नून' वाचतो. काही ब्रिटिश लेखक मध्ये जोडरेघ देतात, तेही चालतं. मध्ये काहीच न ठेवता जोडणं चूक.

ध्वनी_आणि_लिपी

वरच्या कसोटीला कानाची जोड द्या. जोडशब्दात आघात एकच असतो आणि तो बहुधा पहिल्या भागावर पडतो. 'एव्हरीडे क्लोद्ज' म्हणताना जोर 'एव्ह'वर येतो आणि 'डे' पटकन निघून जातो. 'एव्हरी डे' म्हणताना 'डे' पूर्ण वजनाने उच्चारला जातो. 'ब्लॅकबोर्ड' म्हणजे फळा, 'ब्लॅक बोर्ड' म्हणजे कुठलाही काळा बोर्ड. 'ग्रीनहाउस' म्हणजे रोपांचं काचघर, 'ग्रीन हाउस' म्हणजे हिरव्या रंगाचं घर. कानाला हा फरक स्पष्ट ऐकू येतो.

दुसरी युक्ती: मध्ये एखादा शब्द घुसवून बघा. 'एव्हरी सिंगल डे' होतं, म्हणजे ते दोन शब्द आहेत. 'एव्हरी सिंगल डे क्लोद्ज' होत नाही.

पण कानाची मर्यादा लक्षात ठेवा. 'पोस्ट ऑफिस', 'बस स्टॉप' यांतही आघात पहिल्या शब्दावरच आहे आणि तरी ते सुटे लिहितात. तेव्हा नामांच्या बाबतीत कान पुरा पडत नाही.

स्क्रीनवरचे_शब्द

लॉगइन आणि सेटअप ही दुसरी जात. इथे मराठी कसोटी चालत नाही, कारण आपण मराठीत दोन्हीला 'लॉगिन'च म्हणतो. इथे प्रश्न एवढाच विचारायचा: वाक्यात ही क्रिया आहे की वस्तू? क्रिया असेल तर सुटं, नाम किंवा विशेषण असेल तर जोडून.

'लॉग इन विथ युवर मोबाइल नंबर', पण 'युवर लॉगइन हॅज एक्स्पायर्ड'. 'सेट अप द स्टॉल बाय नाइन', पण 'द सेटअप टुक टू अवर्स'. 'बॅक अप युवर फाइल्स', पण 'कीप अ बॅकअप'. 'प्रिंट आउट', 'ब्रेक डाउन', 'वर्क आउट', 'शट डाउन', 'चेक आउट', 'हँड आउट' ही सगळी याच घरातली.

शंका आली तर भूतकाळ करा. 'लॉग्ड इन' होतं, 'लॉगइन्ड' होत नाही. 'बॅक्ड अप' होतं, 'बॅकअप्ड' होत नाही. ईडी नेहमी पहिल्या शब्दाला लागतो, म्हणजे तो स्वतंत्र शब्द आहे. किंवा मध्ये 'इट' घाला: 'सेट इट अप', 'प्रिंट इट आउट'.

या नियमानं स्क्रीनवरच्या बटणाचाही प्रश्न सुटतो. बटण म्हणजे आज्ञा, म्हणून 'लॉग इन', 'साइन अप' सुटं. पानाचं शीर्षक 'लॉगइन पेज' असेल तर जोडून.

काही नामं पूर्ण जोडली जात नाहीत, मध्ये जोडरेघ घेतात: 'फॉलो-अप', 'चेक-इन'. क्रियापद म्हणून तीही सुटीच.

'इनटू' इथेच घेतो, कारण तो या क्रियापदांच्या शेपटाशी भांडतो. 'आत' असा अर्थ असेल किंवा एकाचं दुसरं झालं असेल तर 'इनटू' जोडून: 'शी वॉक्ड इनटू द हॉल', 'द मिल्क टर्न्ड इनटू कर्ड'. पण 'इन' क्रियापदाचा भाग असेल आणि 'टू' पुढच्या माणसाचा किंवा जागेचा असेल तर सुटं: 'लॉग इन टू द पोर्टल'. या वाक्याकडे नीट बघा: 'ही टर्न्ड हिज पेपर इन टू द टीचर'. त्याने पेपर बाईंकडे जमा केला. तिथे 'इनटू' जोडलंत तर त्याने पेपराच्याच बाई केल्या असा अर्थ होतो. 'ऑनटू'चंही असंच. 'द कॅट जम्प्ड ऑनटू द टेबल' जोडून, 'वी मूव्ह्ड ऑन टू द नेक्स्ट लेसन' सुटं. ब्रिटिश लेखनात पहिल्या वाक्यातही 'ऑन टू' सुटं सापडेल, ती चूक धरू नका.

काना_मात्रा

आता 'अ‍ॅटलीस्ट', 'इनफॅक्ट', 'अलॉट'. या जातीत पर्याय नाही, जोडलेलं रूप इंग्रजीत अस्तित्वातच नाही. याच घरातले बाकीचे: इन फ्रंट, इन स्पाइट, इन केस, अ‍ॅज वेल, ऑफ कोर्स, ईच अदर, थँक यू. मराठी मुलांच्या वह्यांत हे सगळे जोडून सापडतात.

याचं कारण मला आपल्या लेखनपद्धतीत दिसतं आणि शिकवताना ते मुलांना सांगायला हवं असं फार वाटतं. मराठीत शब्दयोगी अव्यय मागच्या शब्दाला जोडून लिहितात: घरासमोर, पावसामुळे, टेबलाखाली, माझ्यासाठी. 'समोर' चिकटलेला बघायची सवय झालेल्या हाताला 'इन फ्रंट' दोन तुकड्यांत लिहिणं उपरं वाटतं. त्यात अर्थही एकाच मराठी शब्दात मावतो: 'निदान', 'अर्थातच', 'एकमेकांना'. इंग्रजीत हे शब्द नामाच्या आधी येतात आणि सुटे राहतात. मुलाचं तर्कशास्त्र चुकलेलं नसतं, ते मराठीचा नियम इंग्रजीला लावत असतं. हे सांगितलं की मुलं पटकन सुधारतात. नुसती लाल गोल खूण केली की पुढच्या वहीत तीच चूक परत.

पटवायला मध्ये शब्द घालून दाखवा: 'अ‍ॅट द व्हेरी लीस्ट', 'इन अ‍ॅक्चुअल फॅक्ट', 'अ होल लॉट'. शब्द मध्ये शिरतोय, म्हणजे तिथे फट आहे. 'थँक यू'मध्ये शब्द शिरत नाही, पण 'यू' बदलता येतो: थँक हिम, थँक देम.

'अ लॉट'कडे विशेष लक्ष द्या. दोन एल असलेला 'अलॉट' हा वेगळाच शब्द आहे, अर्थ वाटून देणं. 'अ लॉट' एका एलने जोडून लिहिला तर संगणक लाल रेघ मारतो, पण सुधारणेत कधी दोन एलचा 'अलॉट' पुढे करतो. घाईत त्यावर क्लिक झालं की रेघ जाते आणि चूक कायम राहते. या एका शब्दासाठी शोध वेगळा घ्या.

मुलं एक रास्त शंका विचारतील: मग 'इन्स्टेड', 'इनडीड', 'बिकॉज' जोडून का? तेही मुळात दोन-दोन शब्दच होते, वापरून वापरून सांधले गेले. 'टुडे' तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत मध्ये जोडरेघ देऊन छापला जायचा. 'इन फॅक्ट' अजून त्या वाटेवर गेलेला नाही, इतकंच. 'इन्स्टेड' जोडलेला म्हणून 'इनस्पाइट'ही जोडायचा, हा तर्क चालत नाही.

अंक_संपादक

क्रिया की वस्तू हा प्रश्न लावून पाच पानं झालीसुद्धा. दोन गोष्टी राहिल्या. टाइमटेबल, क्लासरूमसारख्या नामांचं काय? आणि दोन लेखांत 'एनीमोर' आहे, एकात जोडून, एकात सुटं. 'ऑलराइट'चंही तसंच.

शेवटचं_प्रूफ

नामांना नियम नाही, कोश उघडायचा. इंग्रजी जोडनामं साधारण सुटी जन्मतात, काही काळ जोडरेघ घेतात आणि रुळली की एक होतात. पण प्रत्येक शब्दाचा वेग वेगळा, काही कधीच एक होत नाहीत. म्हणून 'टूथएक' जोडून आणि 'हार्ट अटॅक' सुटं. 'टेक्स्टबुक' जोडून, 'एक्सरसाइज बुक' सुटं. 'बर्थडे' जोडून, 'मदर टंग' सुटं. 'टाइमटेबल' आणि 'क्लासरूम' दोन्ही जोडून. आपल्याकडे शाळांच्या सूचनाफलकांवर 'टाइम टेबल' सुटं दिसतं, कोशात ते एकच आहे.

एक आधार मात्र बऱ्यापैकी भरवशाचा आहे. पहिला शब्द 'इंग'ने संपत असेल तर बहुधा सुटं राहतं: डायनिंग रूम, वेटिंग रूम, स्विमिंग पूल, वॉशिंग मशीन, ड्रायव्हिंग लायसन्स. याउलट बेडरूम, बाथरूम, क्लासरूम जोडून.

कोश नवा घ्या. शॉर्टर ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या २००७ सालच्या सहाव्या आवृत्तीत सुमारे १६,००० शब्दांमधली जोडरेघ काढली गेली. 'आइस क्रीम'सारखे काही सुटे झाले, 'बम्बलबी', 'क्रायबेबी'सारखे काही जोडले गेले. असोसिएटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेच्या शैलीपुस्तिकेने 'वेबसाइट' २०१० मध्ये एक शब्द केला आणि 'ईमेल'मधली जोडरेघ २०११ मध्ये काढली. घरात ३० वर्षांपूर्वीचा कोश असेल तर अर्थांसाठी तो उत्तम, जोडणीसाठी नको.

'एनीमोर'चं उत्तर कुठलं इंग्रजी पाळता यावर आहे. 'आता नाही' या अर्थाने अमेरिकेत जोडून, ब्रिटनमध्ये परंपरेने सुटं. 'आणखी काही' या अर्थाने मात्र दोन्हीकडे सुटंच: 'एनी मोर क्वेश्चन्स?' 'पर सेंट' ब्रिटिश सुटं, अमेरिकन जोडून, आणि 'पर्सेंटेज' सगळीकडे जोडून. शाळेचा अंक ब्रिटिश वळणाचा असणार. बाकी स्पेलिंग, म्हणजे 'कलर'मधला यू वगैरे, ब्रिटिश ठेवलं असेल तर इथेही तेच पाळा.

'ऑल राइट' सुटं ठेवा. जोडलेलं एका एलचं रूप संवादात, कथेत चालून जातं, पण औपचारिक लेखनात अनेक शैलीपुस्तिका ते नाकारतात. सुट्याला कोणीच हरकत घेत नाही. 'अ व्हाइल'चंही तेच. 'फॉर' नंतर ते सुटंच लागतं आणि 'स्टे अ व्हाइल' असं सुटं लिहिलं तरी चालतं, म्हणून कायम सुटं. 'कॅनॉट' मात्र एक शब्द. अपवाद 'कॅन नॉट ओन्ली... बट ऑल्सो' या रचनेचा, कारण तिथे 'नॉट' पुढच्या 'ओन्ली'चा आहे.

आता ४० पानांचं काम कसं करायचं ते.

आधी सगळ्या मजकुरातल्या दुहेरी जागा एकेरी करा. हे पहिलं, कारण 'एव्हरी' आणि 'डे' यांच्यामध्ये चुकून दोन जागा पडल्या असतील तर पुढचा शोध त्यांना चुकवून जाईल. मग तुमच्या यादीतला एकेक शब्द दोन्ही रूपांत शोधा आणि प्रत्येक जागा वाक्यासकट वाचून ठरवा. सगळं एकदम बदलायची आज्ञा फक्त तिसऱ्या जातीला द्या, म्हणजे अ‍ॅट लीस्ट, इन फॅक्ट, ऑफ कोर्स वगैरे, कारण तिथे जोडलेलं रूप कधीच बरोबर नसतं. 'मे बी'ला ही आज्ञा दिलीत तर 'इट मे बी लेट'सारखी चांगली वाक्यं एका क्षणात बिघडतील आणि लाल रेघही येणार नाही.

सोबत एक पान उघडं ठेवा. त्यावर फक्त जिथे निवड करावी लागली असे शब्द लिहा: टाइमटेबल जोडून, एनी मोर सुटं, पर सेंट सुटं, ईमेल रेघ नाही. साधारण २०-२५ शब्द होतील. अंकाचं काम दोघं-तिघं करत असतील तर हे पान सगळ्यांकडे हवं, नाहीतर एकाने जोडलेलं दुसरा तोडतो.

पानं लावून आली की आणखी एकदा बघा. अरुंद स्तंभात प्रोग्राम ओळीच्या शेवटी शब्द आपोआप तोडतो आणि 'क्लास-' एका ओळीत, 'रूम' पुढच्या ओळीत जातो. छापील पानावर ते चालतं. पण पीडीएफमधून मजकूर उचलून परत दुसरीकडे वापरला तर ती रेघ शब्दाच्या मधोमध राहून जाते. मागच्या अंकातून घेतलेली पानं असतील तर हा दोष हमखास शोधा.

अंक_संपादक

पालकांसाठीच्या सूचनेतला हा उतारा दुरुस्त केलाय. बघाल का?

'पेरेंट्स कॅन लॉग इन टू द पोर्टल एव्हरी डे अँड टेक अ प्रिंटआउट ऑफ द टाइमटेबल. अ‍ॅट लीस्ट वन पेरेंट शुड अटेंड द टू डे वर्कशॉप. एव्हरीवन ऑफ द स्टुडंट्स हॅज ऑलरेडी बीन इन्फॉर्म्ड.'

शेवटचं_प्रूफ

दोन जागा राहिल्या. तिसऱ्या वाक्यात पुढे 'ऑफ' आहे, म्हणून 'एव्हरी वन' सुटं. आणि 'टू डे वर्कशॉप'मध्ये जोडरेघ हवी: 'टू-डे वर्कशॉप'. दोन शब्द मिळून पुढच्या नामाचं एकच विशेषण होत असतील तर नामाच्या आधी रेघ येते आणि 'डे'ला एस लागत नाही. नामानंतर आले की सुटे: 'द वर्कशॉप लास्ट्स टू डेज'. 'वेल-नोन रायटर', पण 'द रायटर इज वेल नोन'. 'न्यूली बिल्ट हॉल'सारख्या एलवाय शेवटाच्या क्रियाविशेषणाला मात्र रेघ देऊ नका.

बाकी 'लॉग इन टू', 'प्रिंटआउट', 'ऑलरेडी' सगळं बरोबर.

काना_मात्रा

आणि पहिल्या वाक्यात 'एव्हरी डे'च्या जागी 'एनी टाइम' जास्त बसेल. पोर्टल हवं तेव्हा उघडता येतं असं सांगायचंय, रोज उघडा असं नाही. घेतलंत तर सुटं लिहा. आधी 'अ‍ॅट' असो वा नसो, ब्रिटिश वळणात ते सुटंच सुरक्षित.